दोन हजार दोनशे रुपये आणि ऑर्गॅनिकचा हिशोब

गेल्या वर्षी आम्ही तिघींनी मेस सोडली आणि खोलीवर स्वयंपाक सुरू केला. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात मी एका दुकानातून 'नॅचरल, केमिकल-फ्री' असं लिहिलेला एक किलो ब्राऊन राईस आणला, १६० रुपयांचा. सुट्टीत ते पाकीट घरी बालाघाटला नेलं. आजीने चष्मा पुसून ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पोरी, हे कायले इकत आणलं? कोंडा ठेवलेला तांदूळ त आपल्या घरी गाईलेबी भेटे."

त्या पाकिटावर कुठलंच प्रमाणचिन्ह नव्हतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे मी १६० रुपये एका शब्दाचे दिले होते. पण त्या प्रकरणातून दोन प्रश्न डोक्यात राहिले. चांगलं, शक्यतो रसायनाशिवायचं जेवण विद्यार्थ्याच्या पैशात बसतं का? आणि बसत असेल तर नेमकं काय घ्यायचं आणि काय सोडायचं? मंडळाच्या बैठकीत हे बोलले तेव्हा संपादक म्हणाले, लिहून दे. म्हणून हा लेख.

आधी ताटाचा हिशोब

ऑर्गॅनिकच्या आधी ताट पुरेसं आहे की नाही ते पाहायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला साधारण २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट त्यांनी असं मांडलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. वजनं कच्च्या मालाची आहेत.

हे वाचून मी आमच्या मेसचं ताट आठवलं. भात भरपूर, पोळ्या भरपूर, बटाटा रोज, आणि वरणात डाळ शोधावी लागायची. आपल्यापैकी बहुतेकांचं असंच असतं. धान्य जास्त, डाळ आणि भाजी निम्मी.

आता हेच ताट महिन्याला किती रुपयांत पडतं ते बघू. भाव आमच्या वहीतले आहेत, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल. धान्य साडेसात किलो, ४५ रुपयांनी, सुमारे ३४० रुपये. डाळ-कडधान्य अडीच किलो, सरासरी ११० रुपयांनी, २७५. भाजी बारा किलो, ३५ रुपयांनी, ४२०. फळं तीन किलो, ५० रुपयांनी, १५० (म्हणजे केळी, पेरू, पपई, सफरचंद नाही). तेल पाऊण किलोच्या थोडं वर, १३०. शेंगदाणे एक किलो, १३०. दूध नऊ लिटर, ५५ रुपयांनी, ४९५. एकूण १९४० रुपये. मीठ-मसाला-गूळ यांचे शंभर धरले तर २०४०.

आम्ही तिघी प्रत्येकी २२०० काढतो. गॅस वेगळा. म्हणजे पूर्ण ताट जेवूनही माणशी १६० रुपये उरतात. माझ्यापुरता ऑर्गॅनिकचा सगळा प्रश्न या १६० रुपयांत मावायला हवा. सगळं सामान पाकीटबंद ऑर्गॅनिक घ्यायचं म्हटलं तर हाच खर्च जवळपास दुप्पट होतो. ते आपल्याला जमणारं नाही, आणि जमत नाही म्हणून अपराधी वाटून घ्यायचंही कारण नाही.

ऑर्गॅनिक म्हणजे कायद्याने काय

'नॅचरल', 'फार्म फ्रेश', 'देशी', 'केमिकल-फ्री' हे शब्द पाकिटावर असले म्हणून माल ऑर्गॅनिक ठरत नाही. ऑर्गॅनिक, म्हणजे सेंद्रिय, या शब्दाला स्वतःचे वेगळे नियम आहेत. आपल्याकडे प्रमाणीकरणाचे दोन रस्ते आहेत. एक एनपीओपी, २००१ पासूनचा, ज्यात त्रयस्थ संस्था तपासणी करते आणि 'इंडिया ऑर्गॅनिक' हे चिन्ह मिळतं. दुसरा पीजीएस-इंडिया, ज्यात गावातले शेतकरी गट करून एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. हा रस्ता स्वस्त, म्हणून लहान शेतकऱ्याला परवडणारा. यात 'पीजीएस-ग्रीन' असं लिहिलं असेल तर शेत अजून बदलाच्या काळात आहे, 'पीजीएस-ऑर्गॅनिक' असेल तर तो काळ पूर्ण झालाय. २०१७ च्या नियमांनंतर या दोन्हींच्या जोडीला एफएसएसएआयचं 'जैविक भारत' हे चिन्ह आलं.

त्याच नियमांत एक गोष्ट आपल्या कामाची आहे. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. म्हणजे आठवडी बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईकडे चिन्ह नसलं तर ती फसवतेच आहे असं नाही. तिथे चिन्हाच्या जागी ओळख लागते. भाजी कुठली, किती दिवसांपूर्वी फवारलं, घरी कोणती खाता, हे विचारावं लागतं.

मग किंमत जास्त का? एनपीओपीत धान-गव्हासारख्या हंगामी पिकाला बदलाचा काळ दोन वर्षांचा आहे, फळबागेला तीन वर्षांचा. या काळात शेतकरी रसायन बंद करतो, उतारा घटतो, निंदणीची मजुरी वाढते, पण माल अजून 'ऑर्गॅनिक' म्हणून विकता येत नाही. तो तोटा कुठेतरी भरून काढावाच लागतो. त्यावर पॅकिंग, वाहतूक आणि दुकानाचा नफा. आपण पाकिटाला दिलेल्या जादा पैशातले बरेचसे या शेवटच्या तीन गोष्टींना जातात.

आणि फायदा? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तोवरचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. ऑर्गॅनिक अन्नात जीवनसत्त्वं ठळकपणे जास्त असतात असं त्यांना दिसलं नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र कमी सापडले. म्हणजे ऑर्गॅनिक बिस्किट हे शेवटी बिस्किटच असतं. साधी, बिनचिन्हाची पालेभाजी त्याहून कधीही चांगली.

फवारणारा माणूस

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग कशाला हवी भानगड, भाजी धुवावी आणि खावी. धुवावीच. वाहत्या पाण्यात नीट चोळून धुतली की वरचा बराच अंश जातो. पण काही औषधं झाडाच्या आत शोषली जातात, ती धुऊन जात नाहीत.

पण धुण्यापलीकडेही एक गोष्ट आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. आपल्या ताटात येतो तो उरलेला अंश. पाठीवर पंप घेऊन उघड्या तोंडाने फवारणाऱ्याच्या अंगावर येतं ते मूळ औषध. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीची काळजी आणि गरिबांची काळजी हे दोन वेगळे प्रश्न मानलेले नाहीत. आमच्या चर्चमध्ये त्यावर बोलणं झालं तेव्हा मला ते झाडं लावण्याबद्दल वाटलं होतं. यवतमाळबद्दल वाचल्यावर ते फवारणीच्या पंपाबद्दलही आहे हे लक्षात आलं.

माझे मामा वारासिवनीकडे धान करतात. बहुतेक शेताला युरिया आणि फवारणी, पण एका बांधीत ते फक्त शेणखतावर चिन्नोर लावतात. ती बांधी घरच्यासाठी. मी एकदा रागाने विचारलं, "मामा, स्वतःसाठी वेगळं आणि लोकांसाठी वेगळं, हे बरं हाय का?" मामा रागावले नाहीत. म्हणाले, "तुले सांगतो, सगळी जमीन अशी केली न उतारा घटला, त पोराची फी कोण भरल? तुझ्या कॉलेजच्या मैतरणी साठ रुपयानं घेतील का माझा तांदूळ? घेतील त लावतो अजून एक बांधी."

मला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर मी मैत्रिणींना विचारलं. त्याबद्दल पुढे सांगते.

बालाघाटच्या मातीत काय आहे

मंडळातल्या बऱ्याच जणांना बालाघाट म्हणजे कान्हा आणि मलाजखंडची तांब्याची खाण एवढंच माहीत असतं. आणि तिथे मराठी कशी, हा प्रश्न. गोंदिया आमच्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि १९५६ पर्यंत आमच्या प्रांताची राजधानी नागपूरच होती. स्वयंपाकघरात तर सीमा अजूनही आलेली नाही.

वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सुवासिक, बारीक, पण उंच वाढणारा, उशिरा येणारा आणि उतारा कमी देणारा. म्हणून तो मागे पडत गेला होता. बैहरच्या पठारावर बैगा आणि गोंड लोक कोदो-कुटकी पिकवतात. त्याची पातळ पेज हे तिकडचं रोजचं जेवण. शेजारच्या डिंडोरी जिल्ह्यात सिलपिडी गावच्या लहरीबाई या बैगा तरुणीने भरडधान्यांच्या दीडशेहून जास्त वाणांचं बियाणं आपल्या घरात मातीच्या कोठ्यांत जपलंय. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा देशभर त्यांचं नाव झालं. शाळेत असताना माझ्या डब्यात कोदोचा भात असला की मी झाकण अर्धंच उघडायचे. ते गरिबाचं खाणं समजलं जायचं. आता तेच शहरात सुंदर पाकिटात मिळतं.

आजीचा 'कोंडा ठेवलेला तांदूळ' यात शास्त्रही आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर क्रिस्तियान आयकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचं कारण शोधत होता. लष्करी इस्पितळातला सडलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडल्या. कोंडा असलेला तांदूळ दिल्यावर बऱ्या झाल्या. (सडलेला म्हणजे कांडून पांढरा केलेला, आमच्याकडे हाच शब्द आहे.) कोंड्यात ब-१ जीवनसत्त्व असतं, हे पुढे कळलं. आयकमनला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. उकडा तांदूळही यासाठी चांगला, कारण धान उकडताना कोंड्यातलं हे जीवनसत्त्व दाण्यात आत शिरतं. आणि उकडा तांदूळ ऑर्गॅनिक ब्राऊन राईसच्या पाव किमतीत मिळतो.

पावसाळ्यात तर भाजी जवळजवळ फुकट असते. तरोटा, कुरडू, घोळ, चिवळ, अंबाडी, बांबूचे कोवळे वास्ते. मुनग्याचं झाड तर प्रत्येक दुसऱ्या अंगणात. शेंगा विकतो आणि पाला टाकतो, पण लोह-कॅल्शियम खरं पाल्यात आहे. मूठभर पाला वरणात टाकला तर चवही बिघडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. म्हणजे आपल्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली. पालेभाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की ते कमी होतं. या दोन सवयींना एक रुपयाही लागत नाही.

कंट्रोलच्या तांदळाबद्दल

घरी रेशनकार्ड असेल तर बजेटची सुरुवात तिथूनच होते. सध्या प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं. या तांदळात काही दाणे वेगळे दिसायचे, पाण्यावर तरंगायचे, म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी अफवा आमच्याकडे जोरात होती आणि बायका ते दाणे निवडून फेकायच्या. ते प्लास्टिक नव्हतं. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून तो दाणा करायचे आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात टाकायचे. ऑर्गॅनिक नसलेलं सगळं वाईट, असं मनात बसलं की माणूस असलं अन्न फेकतो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळी पेरायची पद्धत आमच्याकडे जुनी. खत नाही, फवारणी नाही, स्वस्त डाळ. पण दुष्काळात लोकांनी महिनोन्‌महिने मुख्यतः तीच खाल्ली तेव्हा पाय लुळे पडले. म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. बेसनात तिची भेसळ होते, म्हणून सुटं बेसन घेण्यापेक्षा चण्याची डाळ दळून आणलेली बरी.

कोदोचंही तसंच. दाणे भरताना ओल लागून बुरशी आली तर कोदो 'चढतो', हे आजी सांगायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये बांधवगडमध्ये दहा हत्ती मेले, त्यांच्या तपासणीत बुरशीचं हेच विष सापडलं. म्हणून कोदो कोरडा, वास नसलेला, ओळखीच्याकडूनच घ्यावा. वास्तेही कच्चे खायचे नसतात. चिरून, उकळून, पाणी फेकून मगच भाजी.

आम्ही तांदूळ कसा घेतला

आता मामांच्या प्रश्नाकडे. आम्ही तिघी आणि वर्गातल्या सात जणी, अशा दहा जणींनी ठरवलं की प्रत्येकीने महिन्याला चार किलो बिनफवारणीचा तांदूळ मामांकडून ६५ रुपयांनी घ्यायचा. बाजारभावाहून २० रुपये जास्त, म्हणजे महिन्याला माणशी ८० रुपये. आधी सांगितलेल्या १६० पैकी निम्मे.

पहिल्यांदा आम्ही चुकलो. तीन महिन्यांचा तांदूळ एकदम आणला. कोंड्यात तेल असतं, ते खवट होतं. आणि औषध नसलेल्या तांदळात किडे लवकर होतात. मे महिन्यात डबा उघडला तर सोंडेच सोंडे. दोघींनी पैसे परत मागितले, आणि त्यांचं बरोबर होतं. मामा म्हणाले, "धान ठेवा, तांदूळ नको." म्हणजे सालासकट धान वर्षभर टिकतं, लागेल तेवढंच दर महिन्याला गिरणीतून काढायचं. आता ते महिन्याला चाळीस किलो काढून गाडीने पाठवतात. डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला. आठ जणी राहिल्या होत्या, दोन नव्या आल्या.

उरलेले ८० रुपये आम्ही पालेभाजीला देतो. महिन्याच्या बारा किलोत तीन किलो पालेभाजी, ती गावाबाहेरून सकाळी येणाऱ्या एका मावशींकडून, किलोमागे २५ रुपये जास्त देऊन. त्या फवारत नाहीत. पानांना भोकं असतात, हा त्यांचा दाखला. हे ७५ झाले. उरले पाच, त्यांची कोथिंबीर.

बाकी सगळं साधं. तूरडाळ साधी, दूध साधं, तेल साधं. सोलून खायची फळं साधीच. ऑर्गॅनिक साखर, मध, बिस्किटं अजिबात नाहीत. डाळ रात्री भिजवतो म्हणजे गॅस वाचतो. आठवड्यातून दोन वेळा मोड आलेली कडधान्यं, एकदा कोदोचा भात (अर्धा तास भिजवून, एका वाटीला अडीच वाट्या पाणी). लेंटच्या चाळीस दिवसांत घरी शुक्रवारी मटण-मासळी नसते, तेव्हा आई अंबाडीची भाजी आणि भाकरी करते. ती सवय आम्ही वर्षभर ठेवली, त्यातही पैसे वाचतात.

तुमच्याकडे वारासिवनीचे मामा नसतील. पण दहा जणांच्या गटात एकाचं तरी गाव, एकाचं तरी शेत असतंच. त्याला विचारा, घरच्यासाठी वेगळी बांधी ठेवता का? बहुतेक ठिकाणी उत्तर 'हो' येईल. मग पुढचा प्रश्न विचारा, आम्ही घेतला तर अजून एक लावाल का? आणि त्या वेळी भाव पाडू नका.

या खरिपात मामांनी दुसरी बांधी लावली आहे. अर्ध्या एकराची. पाऊस बरा झाला तर नाताळच्या सुट्टीनंतर नवा चिन्नोर येईल. ज्यांना हवा असेल त्यांनी मंडळाच्या वहीत नाव लिहून ठेवावं. महिन्याला चारच किलो, आणि पैसे आगाऊ.